उचल घेऊन निघून गेलेला कोयता आणि देवाची दया

प्रश्न : केज तालुक्यातील एक मुकादम

सर्वांना सलाम. मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात राहतो, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे आणि अनेक वर्षांपासून ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम म्हणून काम करतो. एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून येथे मांडत आहे.

गेल्या हंगामाआधी, पोळ्याच्या सुमारास, मी एका कोयत्याला, म्हणजे एका नवरा-बायकोला, एक लाख वीस हजार रुपये उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दिली. हा पैसा माझ्या घरचा नव्हता. कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून टोळीकडे अशी त्याची वाट असते आणि बुडाला की परतीच्या वाटेवर तो आधी माझ्याच दारात थांबतो. दिवाळीनंतर हे जोडपे उसाच्या फडावर आले, महिनाभर दोघांनी प्रामाणिकपणे ऊस तोडला आणि मग एका रात्री राहण्याची कोपी (झोपडी) तशीच टाकून कोणालाही न सांगता निघून गेले. नंतर समजले की बाईचे पोटाचे दुखणे बळावले होते आणि उचलीतली बरीचशी रक्कम मुलीच्या लग्नाचे देणे फेडण्यात आधीच संपली होती. हिशेबाने त्यांच्याकडे नव्वद हजार रुपये निघतात. ठेकेदाराने ते माझ्या नावावर टाकले. मी बैलजोडी विकून पन्नास हजार भरले आणि चाळीस हजार अजून माझ्या डोक्यावर आहेत.

मध्यंतरी आमच्या पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायावर उपदेश केला. राजाने ज्या चाकराचे अफाट कर्ज सोडले, त्याच चाकराने आपल्या सोबतीच्या चाकराचा शंभर दिनारांसाठी गळा धरला, हा तो दाखला. उपदेशानंतर दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिले आणि मंडळीतील एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ सभासदांनी, तर त्या कोयत्याला सोडून देण्याचा सल्लाही दिला. मी रागावलेलो नाही, पण माझे समाधानही झालेले नाही. दाखल्यातल्या चाकराला राजाने आधी सोडले होते. मला तर ठेकेदाराने एक रुपयाही सोडलेला नाही. प्रभूने माझ्या पापांची क्षमा केली आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, परंतु ती क्षमा माझ्या वहीत कोठे जमा दाखवू? शिवाय टोळीतील बाकीचे कोयते पाहत आहेत. ज्यांनी आजारी असतानाही हंगाम पुरा केला, त्यांना मी काय सांगावे? जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जालन्याचे एक निवृत्त शिक्षक

बंधू, सलाम. आपण दाखल्यातील जो फरक दाखवला आहे तो खरा आहे आणि उपदेश करणारे बहुधा त्यावरून घाईने पुढे जातात. म्हणून आधी त्या दाखल्यातील आकड्यांकडेच नीट पाहू, कारण प्रभू येशूने ते विचारपूर्वक निवडले आहेत.

एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी; द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात हाच दर ठरलेला आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. पहिल्या चाकराचे कर्ज होते दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. जोसेफस या यहुदी इतिहासकाराच्या नोंदीनुसार हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत महसूल मिळत असे. म्हणजे त्या चाकरावर संपूर्ण राज्याचे पन्नास वर्षांचे उत्पन्न कर्जाऊ होते. हे फेडता येणारे कर्जच नव्हे, आणि तरीही तो चाकर राजाच्या पाया पडून मुदत मागतो व सगळे फेडण्याची ग्वाही देतो. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो.

आता दुसरा आकडा. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ती दहा हजार तालांतांपुढे काहीच नसली तरी मजुराच्या घरात फार मोठी असते. आपल्याकडच्या तोडणीच्या हंगामाचा बराच मोठा भाग तेवढ्या दिवसांत भरतो. प्रभूने दुसऱ्या चाकराचे कर्ज दोन-चार दिनार दाखवले असते तर क्षमा ही स्वस्त गोष्ट ठरली असती. आपले नव्वद हजार रुपये हे खरे पैसे आहेत, त्यासाठी आपल्या दावणीची बैलजोडी गेली आहे, आणि आपले नुकसान किरकोळ ठरवून जो आपणास क्षमा करायला सांगतो तो दाखला पुरता वाचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु दाखल्यातील राजा हा आपला ठेकेदार नव्हे, आणि आपला प्रश्न मला वाटते येथेच अडला आहे. ठेकेदार सोडील तेव्हा मी सोडीन, असे म्हटले तर जगात कोणाचीच सुटका होणार नाही, कारण ठेकेदारही वरच्याकडे बोट दाखवील. ज्याने आपणास सोडले तो या साखळीच्या बाहेर उभा आहे. म्हणून त्याची दया वहीत जमा होत नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे. ती वही लिहिणाऱ्याला बदलते, आणि मग वहीत काय लिहायचे हे त्या माणसाला शहाणपणाने ठरवावे लागते. ते शहाणपण वापरण्यातून दया आपणास मोकळे करीत नाही.

या ठिकाणी मला तुकोबांची आठवण होते. आपण ख्रिस्ती असलो तरी मराठी माणसे आहोत आणि ही गोष्ट आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेली आहे. घरची सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवताना तुकोबांनी सगळी बुडवली नाहीत, असे परंपरा सांगते. निम्मी कागदपत्रे धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची म्हणून त्यांच्या हाती दिली आणि स्वतःच्या वाट्याचीच पाण्यात सोडली. लोक बुडवलेल्या कागदांची गोष्ट सांगतात. मला त्या वाटणीचे मोल अधिक वाटते. दया करणाऱ्याने ती आपल्या वाट्यातूनच करायची असते. दुसऱ्याच्या वाट्यावर उदार होणे सोपे आहे, आणि मंडळीतील जे वडील आपणास सोडून द्यायला सांगत आहेत ते आपल्या वाट्यावर उदार होत आहेत, हेही त्यांना नम्रपणे सांगायला हरकत नाही. त्यांना दया करायची असेल तर चाळीस हजारांत आपला हात घालावा.

आमच्या जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी नव्याने ख्रिस्ती झालेल्या गरीब कुटुंबांना केवळ वचन ऐकवले नाही, त्यांच्यासाठी जमीन मिळवून त्यांना तेथे वसवले. मराठवाड्यातील मंडळ्यांना दया ही अशा रूपात ठाऊक आहे. म्हणून मंडळीकडे हा विषय मांडण्यात आपणास कमीपणा वाटू नये.

तेव्हा आपले पन्नास हजार आणि ठेकेदाराचे चाळीस हजार हे दोन हिशेब वेगळे करावेत. पहिल्यावर आपला अधिकार आहे. तोही एकट्याचा नाही; बैलजोडी विकताना घरात कोणाच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर त्या व्यक्तीलाही विचारावे.

उत्तर : लातूरमधील एक परिचारिका

मुकादम दादा, मी आपल्या वहीच्या दुसऱ्या बाजूने बोलते आहे. माझे आई-वडील कोयता घेऊन जात असत आणि माझ्या लहानपणाचे हिवाळे फडावरच गेले. उसाचे वाढे (शेंडे) विकून आलेल्या पैशांतून माझ्या वह्या येत.

एक लाख वीस हजारांची उचल घेतलेली बाई आजारी पडली तर तिच्यापुढे कोणते मार्ग असतात, याचा विचार आपण करावा, अशी माझी विनंती आहे. सुट्टी घेतली तर खाडा धरला जातो, नवऱ्याने एकट्याने तोडले तर तो अर्धा कोयता ठरतो, दवाखान्यासाठी पैसे मागितले तर ते उचलीत वाढवून लिहिले जातात. सांगून जाणाऱ्याला जाऊ दिले जात नाही, हे तिने इतर टोळ्यांमध्ये पाहिलेले असते, म्हणून ती न सांगता जाते. आपण तिला अडवले असते असे माझे म्हणणे नाही. आपण अडवणार नाही हे तिला माहीत नव्हते, एवढेच मला म्हणायचे आहे.

गुरुजींनी दाखल्यातील आकडे फार चांगले उलगडले. मी त्यात एवढीच भर घालीन की सोबतीच्या चाकराचा गळा धरल्यावर त्याला तुरुंगात टाकले, हेही त्या दाखल्यात आहे. तुरुंगात पडलेला माणूस कमावू शकत नाही, तेव्हा त्या शिक्षेतून पैसा वसूल होणारच नव्हता. भीती वसूल होणार होती. आपल्याकडे त्या जोडप्याच्या सहीचा बाँड असेल, कदाचित कोरा धनादेशही असेल. ते कागद आपल्या पेटीत आहेत तोवर ते जोडपे गावात मोकळेपणाने फिरू शकणार नाही, दुसऱ्या टोळीत जाऊ शकणार नाही आणि आपल्यासमोर येऊन खरे बोलूही शकणार नाही. आपण मनातून क्षमा केली तरी त्यांच्यासाठी काहीच बदललेले नसेल.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगते. माझ्या वडिलांना एका मुकादमाने एकदा अशीच सूट दिली होती. ती त्याने पारावर, चार माणसांत, मोठ्याने जाहीर केली. पुढे कित्येक वर्षे गावात माझ्या वडिलांची ओळख सूट मिळालेला माणूस अशीच राहिली आणि त्या मुकादमाने सांगितलेल्या कोणत्याही कामाला त्यांना नाही म्हणता आले नाही. पैसे सुटले, माणूस सुटला नाही. आपण जे काही द्याल ते कृपया त्यांच्या घरी जाऊन, दाराआड द्यावे, आणि पुढच्या हंगामात माझ्याच टोळीत या अशी अट त्यास जोडू नये.

उत्तर : अंबाजोगाईचे एक वकील

मी विश्वासाच्या बाजूने बोलण्याचा अधिकारी नाही, परंतु एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. उचलीच्या बदल्यात एखाद्याला कामावर बांधून ठेवणे, त्याला जाऊ न देणे किंवा पैसा फिटेपर्यंत त्याच्याकडून सक्तीने काम करून घेणे हे वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवलेले आहे आणि वेठबिगारीचे कर्ज त्या कायद्याने संपुष्टात येते. पैसे मागणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी दिवाणी मार्ग आहे. म्हणून परिचारिका ताईंनी सांगितलेली अटीची गोष्ट दयेच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची आहे तितकीच आपल्या स्वतःच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आहे.

उत्तर : वैजापूर तालुक्यातील एक शिक्षिका

मी कॅथलिक आहे आणि आमच्याकडे पुनरुत्थानाच्या सणानंतरचा पहिला रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून पाळला जातो. ज्यांच्यामुळे ही भक्ती जगभर पसरली त्या संत फॉस्टिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) या पोलंडमधील एक साध्या धर्मभगिनी होत्या. मठात त्यांनी स्वयंपाकघरात, बागेत आणि शेवटी फाटकावर काम केले, आणि फाटकावर येणाऱ्या भुकेल्यांना अन्न देणे हे त्यांच्या कामातच होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संतपद दिले आणि त्याच दिवशी हा रविवार सर्व चर्चसाठी घोषित केला. येशूच्या हृदयातून निघणाऱ्या लाल व फिकट किरणांचे जे चित्र पुष्कळ घरांत दिसते ते या भक्तीचेच आहे.

चित्रापुढे प्रार्थना करणे आम्हांला सहज जमते. परंतु फॉस्टिना यांनी आपल्या दैनंदिनीत दयेचे तीन मार्ग लिहिले आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे : पहिला कृतीचा, दुसरा शब्दाचा, तिसरा प्रार्थनेचा. ज्याला पहिले दोन शक्य नाहीत त्याच्यासाठी तिसरा नेहमीच मोकळा असतो. आपण बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. मुकादम दादांची घालमेल पहिल्या मार्गावरची आहे, म्हणून ती मला मोलाची वाटते.

इतर कोयत्यांना काय सांगावे, या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही. मला बायबलमधील लेवीय पुस्तकातील सरव्याचा नियम आठवतो. शेताची कापणी करताना कडेकोपरे पुरते कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असे तेथे सांगितले आहे. रूथ ही परकी विधवा याच नियमाच्या आधारे बवाजाच्या शेतात शिरली, आणि बवाजाने तर पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकत जाण्यास आपल्या गड्यांना सांगितले. येथे शेतकऱ्याला त्या दिवशी कोणाची दया येते की नाही याला महत्त्व नाही. पेरणीच्या आधीपासूनच शेताचा एक भाग त्याचा धरलेला नाही. आमच्याकडे कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर बायका सरवा वेचायला येतात तेव्हा कोणी त्याला उपकार म्हणत नाही.

तसे आपल्या टोळीत करता येईल का? आपल्या कमिशनमधून ठरावीक वाटा हंगामाच्या सुरुवातीलाच आजारपणासाठी बाजूला काढून ठेवला आणि तो सर्व कोयत्यांना आधीच सांगितला, तर एकाला सोडले आणि दुसऱ्याला धरले असा प्रश्न उरणार नाही. जो आजारी पडेल त्याला तो मिळेल, तो उचलीत लिहिला जाणार नाही आणि कोणाला रात्री निघून जावे लागणार नाही. ज्यांनी आजारपणातही हंगाम पुरा केला त्यांना मात्र या वर्षीच काहीतरी द्यावे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ बाहेर रुसून उभा राहिला तेव्हा बाप त्याच्याकडेही स्वतः बाहेर गेला होता.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सर्व घरी वाचून दाखवले. बैलांची काळजी माझी आईच घेत असे, म्हणून तिलाच आधी विचारले. तिने थोडा वेळ घेतला आणि मग त्या बाईचे आता कसे आहे असे विचारले. मला ते सांगता आले नाही, कारण या सगळ्या काळात मी त्यांच्या गावाला फक्त पैशांचा निरोप पाठवला होता.

आम्ही असे ठरवले आहे. जे पन्नास हजार मी भरले ते आमच्या वाट्याचे धरून सोडतो. बाँड आणि धनादेश त्यांच्या घरी जाऊन परत देतो. राहिलेल्या चाळीस हजारांबद्दल मात्र अजून मार्ग दिसत नाही. ते मीच भरले तर मुलाच्या शिक्षणाचे अडते, आणि त्यांच्याकडे मागितले तर बाँड परत देण्याला अर्थ उरत नाही.

उत्तर : जालन्याचे निवृत्त शिक्षक

बंधू, बायबलमधील फिलेमोनाला लिहिलेले प्रेषित पौलाचे पत्र आज रात्री एकदा वाचावे. ते जेमतेम पंचवीस ओव्यांचे आहे. फिलेमोन या मालकाकडून निघून गेलेला अनेसिम हा दास पौलाने परत पाठवला आणि पत्रात लिहिले की त्याच्याकडे काही येणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी ते फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मालकाने येणे सोडून द्यावे एवढेच म्हणून पौलाला थांबता आले असते. तसे न करता तो स्वतः मध्ये उभा राहिला, कारण क्षमेचा खर्च कोणालातरी उचलावा लागतोच हे त्याला ठाऊक होते.

आपण मध्ये उभे आहातच. आता एकटे उभे राहू नका. ठेकेदाराकडे जाऊन दोन हंगामांची मुदत मागावी आणि जाताना मंडळीतील त्या वडिलांना सोबत न्यावे, ज्यांनी आपणास सल्ला दिला. रविवारच्या दानातून काही भाग यासाठी निघतो का, हे मी आपल्या पाळकसाहेबांना पत्र लिहून विचारतो. माझ्या निवृत्तिवेतनातून मी पाच हजार रुपये धरावेत असे ठरवले आहे. ते नाकारू नयेत. त्या जोडप्याने पुढे कधी स्वतःहून काही आणून दिले तर घ्यावे, कारण फेडू इच्छिणाऱ्याला फेडू देणे हाही त्याचा मान आहे, परंतु त्याची मागणी करू नये आणि त्याची नोंद वहीत धरू नये.

उत्तर : लातूरमधील एक परिचारिका

दादा, आईंनी विचारलेला प्रश्न घेऊनच त्यांच्या गावाला जा. पोटाचे दुखणे इतके दिवस अंगावर काढले असेल तर गर्भाशयाची पिशवी काढण्याचा सल्ला त्या ताईंना कोणीतरी दिलेला असण्याची शक्यता आहे; नीट तपासणी झाल्याशिवाय त्यांनी तसे काहीही करू नये, हे त्यांना माझ्या वतीने निक्षून सांगावे. केजहून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडते. तेथे सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात स्त्रीरोग तपासणी करून घ्यावी. सोबत शिधापत्रिका आणि आधार कार्ड न्यावे, म्हणजे शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का हे तेथेच विचारता येईल. आधीच्या दवाखान्यांतील चिठ्ठ्या, सोनोग्राफीचे कागद जे असेल ते सर्व एका पिशवीत घालून न्यावे आणि जमल्यास आपल्या घरातील एखाद्या बाईने त्यांच्याबरोबर जावे.